बोलायला शिकायचंय? आधी आपल्या वाट्याची मिनिटं मोजा

बारावीचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी दोन तऱ्हेचे फलक लागतात. एक महाविद्यालयांच्या प्रवेशाचे, दुसरे ‘फाडफाड इंग्रजी’चे. दुसऱ्या फलकांवरचे शब्द ठरलेले असतात: आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व विकास, स्टेज डेअरिंग. पोरगं हुशार आहे, मार्क चांगले आहेत, पण चार माणसांत तोंड उघडत नाही, ही आईवडिलांची खरी काळजी असते. त्या काळजीपोटी पोटाला चिमटा घेऊन ते फी भरतात. काळजी रास्तच आहे. पैसे मात्र बऱ्याचदा चुकीच्या खिडकीवर भरले जातात.

कारण बोलण्याचं शिक्षण म्हणजे इंग्रजीचं शिक्षण, असं आपण धरून चालतो. इंग्रजी यायला हवी, त्यात वाद नाही. पण ज्याला मराठीत दोन मिनिटं मुद्देसूद बोलता येत नाही, त्याच्याकडून इंग्रजीचे शेकडो शब्द पाठ करून घेतले तर तो एवढंच करेल की दोन भाषांत गप्प बसेल. आवाज पोचवणं, मुद्दा मांडणं, समोरच्याचं ऐकणं, प्रश्नाला नेमकं उत्तर देणं आणि घाबरलेल्या मनाला सांभाळणं ही कौशल्यं कोणत्याही भाषेत लागतात. ती शिकता येतात. कुठे शिकायची, कोर्स कसा पारखायचा आणि घरी काय करायचं, ते पाहू.

हे शिक्षण मिळतं कुठे?

अमेरिकेत या शिक्षणाचं हक्काचं ठिकाण म्हणजे कम्युनिटी कॉलेज. इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ मध्ये सुरू झालेलं कॉलेज हे त्यातलं सर्वांत जुनं मानलं जातं. घराजवळ, कमी खर्चात, दोन वर्षांचं शिक्षण असं त्याचं स्वरूप. पुढे पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे बऱ्याच ठिकाणी ‘पब्लिक स्पीकिंग’ हा विषय घ्यावाच लागतो, आणि त्याची परीक्षा मुख्यतः वर्गासमोर उभं राहून द्यावी लागते.

भारतात ही कल्पना १९९५-९६ च्या सुमारास पुदुच्चेरी आणि मद्रासमध्ये रुजली. पुढे २०१३ च्या आसपास विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. तिच्यासाठी स्वतंत्र इमारती उभ्या राहिल्या नाहीत. चालू महाविद्यालयांतच स्थानिक रोजगाराला उपयोगी पडणारे सर्टिफिकेट आणि डिप्लोमाचे कोर्स सुरू करायचे, अशी ती योजना होती. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात ‘कम्युनिटी कॉलेज’ अशी पाटी शोधत फिरण्यापेक्षा जवळच्या संस्थेत हा विषय कोणत्या नावाने शिकवला जातो, ते विचारावं.

जिल्ह्यातली पदवी महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली. त्यात भाषा आणि संवादासाठी एईसी, म्हणजे एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स, आणि कौशल्यांसाठी एसईसी, म्हणजे स्किल एन्हान्समेंट कोर्स, असे विषय आले. बरीच मुलं हे विषय ‘दोन क्रेडिटचे, पास झालं की झालं’ म्हणून उडवून लावतात. बोलायला शिकायचं असेल तर वेळापत्रकातला सगळ्यांत कामाचा तास नेमका हाच आहे, आणि त्याची फी तुम्ही आधीच भरलेली आहे.

खामगावचं शासकीय तंत्रनिकेतन असो किंवा जिल्ह्यातलं दुसरं कुठलं पॉलिटेक्निक, डिप्लोमात संवादकौशल्याचा भाग असतो. आयटीआयमध्ये ट्रेड कोणताही असो, ‘एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स’ हा विषय असतोच. फिटर आणि वायरमनची मुलं त्याकडे कानाडोळा करतात आणि पुढे कंपनीच्या मुलाखतीत नेमकी तिथेच अडतात. शेती, घर किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सॉफ्ट स्किल्सचे कोर्स मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचं शुल्क भरावं लागतं. फक्त एक लक्षात ठेवा: मोबाइलवर कोर्स पाहून कल्पना मिळते, श्रोते मिळत नाहीत.

श्रोते मिळतात ते वर्गाबाहेर. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर, विद्यापीठाच्या युवा महोत्सवातली वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा, संशोधनासाठीची ‘आविष्कार’ स्पर्धा हे सगळे फुकटचे वर्ग आहेत. आविष्कारमध्ये तर पोस्टरसमोर उभं राहून परीक्षकाला आपलं काम मोजक्या वेळात समजावून सांगावं लागतं. नोकरीच्या मुलाखतीची याहून चांगली रंगीत तालीम नाही.

फी नंतर विचारा, मिनिटं आधी

कुठल्याही कोर्सची पारख एका साध्या गणिताने होते. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास. दोन क्रेडिटचा कोर्स म्हणजे ३० तास, म्हणजे १८०० मिनिटं. वर्गात ६० मुलं असतील तर एकाच्या वाट्याला ३० मिनिटं येतात, तीही शिक्षकांनी तोंडच उघडलं नाही तर. शिक्षकांनी निम्मा वेळ घेतला तर उरली १५. हजेरी, सूचना, गॅदरिंग आणि सुट्ट्या वजा केल्या की अख्ख्या सत्रात तुम्ही जेमतेम दहा मिनिटं बोलता. तेच २० जणांच्या तुकडीत निम्मा वेळ शिक्षकांचा धरूनही तुमची ४५ मिनिटं होतात. खासगी क्लासलाही हाच हिशोब लावा. मोठा हॉल, एसी, प्रोजेक्टर आणि दीडशे खुर्च्या दिसल्या की तिथे फक्त एकच माणूस बोलायला शिकणार आहे, तो म्हणजे व्यासपीठावरचा.

प्रवेश घेण्याआधी हे प्रश्न विचारा:

१. एका तुकडीत किती जण असतात? पंचवीसच्या आत असतील तर उत्तम. जास्त असतील तर सरावासाठी गट पाडता का?

२. पूर्ण कोर्समध्ये प्रत्येकाने किती वेळा समोर उभं राहून बोलायचं असतं? चारपेक्षा कमी असेल तर तो कोर्स बोलण्याचा नाही, बोलण्याविषयीचा आहे.

३. बोलून झाल्यावर काय होतं? नुसत्या टाळ्या वाजतात, की काय जमलं आणि काय बदलायचं हे कोणी नेमकं सांगतं?

४. सुरुवातीची भाषणं मराठीत चालतात का?

५. प्रमाणपत्र कोण देतं? विद्यापीठाचं किंवा मंडळाचं असेल तर त्याचे क्रेडिट तुमच्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात का?

६. तुकडी किती वाजता सुटते? गावाची शेवटची एसटी त्यानंतर आहे का? मुलींनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. संध्याकाळी सातची तुकडी कितीही चांगली असली, तरी गावी जायला गाडी नसेल तर तो कोर्स दोन आठवड्यांत सुटतो.

शक्य असेल तर एक तास मागच्या बाकावर बसून पाहू द्या, अशी विनंती करा. त्या तासात मुलं किती बोलली, एवढंच पाहा. माहितीपत्रकापेक्षा ते जास्त खरं असतं.

वऱ्हाडी टाकू नका

आपल्याकडच्या मुलांच्या गप्प बसण्यामागे एक कारण आहे, ते कोणत्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. ‘तुझी भाषा गावंढळ आहे’ हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पुण्याला गेलेला मुलगा आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘मले’ म्हणाला की खोलीतली मुलं हसतात, आणि पुढचे सहा महिने तो फक्त मान हलवतो. घाटावर देऊळगाव राजाकडे बोलीत मराठवाड्याचा सूर मिसळतो, घाटाखाली मलकापूरकडे खानदेशी वळण येतं. जिल्ह्याच्या जिल्ह्यात भाषा इतकी बदलते आणि त्यातलं काहीच चूक नाही.

ज्या विद्यापीठाची पदवी घेताना आपण भाषा ‘सुधारायला’ निघतो, त्याला नाव कोणाचं आहे ते आठवा. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेले गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. त्यांचं कीर्तन वऱ्हाडीत चाले आणि ते प्रश्नांवर उभं असे. बाबा समोरच्या गर्दीला विचारत, गर्दी उत्तर देई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरं कापावं का, पोराला शाळेत घालावं की नाही, हे लोकांच्या तोंडूनच वदवून घेतलं जाई. संवादकौशल्याच्या पुस्तकांत ‘श्रोत्यांचा सहभाग’ असं जे प्रकरण असतं, ते त्यांनी खराटा हातात घेऊन गावोगाव शिकवलं. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं. ते एकदा वही घेऊन ऐका आणि ते किती वेळा सांगतात आणि किती वेळा विचारतात, याच्या खुणा करा.

याचा अर्थ मुलाखतीत वऱ्हाडी बोला असा नाही. बोली ठेवायची आणि तिच्या जोडीला प्रमाण मराठी तयार करायची. त्यासाठी व्याकरणाचं जाड पुस्तक लागत नाही. आपल्या बोलीतल्या आठ-दहा खास जागा ओळखल्या की काम भागतं. ‘शाळा’चं ‘शाया’ आणि ‘डोळा’चं ‘डोया’ होतं का? ‘मला, तुला’च्या जागी ‘मले, तुले’ येतं का? ‘मी येतोय’ऐवजी ‘मी येऊन रायलो’ येतं का? ‘ण’ आणि ‘न’ वेगळे ऐकू येतात का? आपल्या जागांची यादी करा. मग रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचताना तेवढ्याच जागांकडे लक्ष द्या. फोनवर अनोळखी नंबर आला तर ‘कोन बोलून रायलं?’ याच्या जागी ‘नमस्कार, कोण बोलतंय?’ असं म्हणायची सवय लावा. दुसऱ्या टोकाला आजी असेल तर लगेच आपल्या बोलीवर या. अशी सहज ये-जा जमली की भाषेची भीती संपते.

पहिलं भाषण: हातात काहीतरी असू द्या

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी आपल्याला एक सवय लावली आहे. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथून सुरुवात करायची, पाठ केलेले परिच्छेद चढ्या आवाजात म्हणायचे, मध्ये एक शेर टाकायचा आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून खाली बसायचं. या स्पर्धांनी धीटपणा येतो, हे मान्य. पण या पद्धतीत समोरचा माणूस कुठेच नसतो. तो हॉल रिकामा असता तरी भाषण तसंच झालं असतं.

म्हणून पहिलं भाषण थोर पुरुषांवर करू नका, तुम्हाला करता येणाऱ्या कामावर करा. दोन मिनिटं, हातात वस्तू आणि तीन पायऱ्या. बुलढाणा हा सोयाबीनचा जिल्हा आहे, तर घरच्या बियाण्याची उगवण तपासणं हा विषय घेऊ. भाषण असं होईल:

“हे माझ्या हातात गेल्या हंगामातलं घरचं सोयाबीन आहे. हे पेरलं तर उगवेल का? पेरणीनंतर कळलं तर उशीर झाला. म्हणून आज घरीच तपासू. एक गोणपाट ओलं करून पसरा. निवडून नाही, पोत्यातून येतील तसे शंभर दाणे घ्या आणि दहा-दहाच्या दहा ओळींत मांडा. वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगला कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. सत्तरच्या खाली असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागेल, फारच कमी असतील तर बियाणं बदला. खर्च शून्य, वेळ एक आठवडा.”

यात एकही अलंकार नाही, तरी शेतकरी शेवटपर्यंत ऐकेल. सुरुवात त्याच्या मनातल्या प्रश्नाने झाली. कृती जशी करायची त्याच क्रमाने सांगितली. आकडे मोजकेच आहेत आणि प्रत्येक आकडा कामाचा आहे. शेवटच्या वाक्यात ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडलं ते आलं. शिवाय हातात दाणे असल्यामुळे ‘हाताचं काय करू’ हा नवख्या वक्त्याचा प्रश्नही सुटला.

हाच साचा कोणत्याही विषयाला चालतो. लोणारचं सरोवर पाहायला आलेल्या पाहुण्याला ‘बेसॉल्ट खडकातलं उल्कापाती विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर’ असं एका दमात सांगितलं तर तो मान डोलावून विसरतो. ‘या काठावरून समोरच्या काठापर्यंत सरळ चालत जाता आलं असतं, तर वीस-पंचवीस मिनिटं लागली असती’ असं सांगितलं तर तो समोर पाहतो. आकडा ऐकणाऱ्याच्या अनुभवात बसवून देणं हे वक्त्याचं काम आहे.

‘तुमच्याविषयी सांगा’

मुलाखतीतला हा पहिला प्रश्न बहुतेकांना माहीत असतो आणि बहुतेक जण त्यातच गुण घालवतात. नाव, गाव, वडील शेती करतात, आई गृहिणी, छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे. ही माहिती तर अर्जातच होती. समजा, मोताळा तालुक्यातली बी.कॉम.ची एक मुलगी पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी गेली आहे. ती असं म्हणू शकते:

“मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून आईच्या बचत गटाचा हिशोब मी ठेवते. गटात अकरा जणी आहेत. महिन्याची बचत, गटातलं कर्ज आणि बँकेचा हप्ता या सगळ्याच्या नोंदी माझ्याकडे असतात. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर अकरा घरांना उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे त्याच दिवशी नोंद करायची सवय लागली. इथल्या कामात ती सवय उपयोगी पडेल असं मला वाटतं.”

अर्ध्या मिनिटात तिने केलेलं काम, त्यातली जबाबदारी आणि या नोकरीशी त्याचा संबंध, तिन्ही सांगून झालं. ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ असं तिला म्हणावं लागलं नाही, ते ऐकणाऱ्याने आपणच ताडलं. तुमच्याकडेही असं काही असतंच: दूध संकलन केंद्रावरच्या नोंदी, मामाच्या दुकानातला गल्ला, गावच्या सप्ताहातली पंगतीची व्यवस्था. ते शोधा, लिहून काढा आणि चार वेळा मोठ्याने म्हणा. शब्दन् शब्द पाठ करू नका, क्रम पाठ करा.

इंग्रजी कच्चं म्हणून मोठ्या परीक्षांचा विचारच सोडून देणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचे बहुतेक पेपर आणि मुलाखत मराठीतून देता येतात. मुद्देसूद मराठी ही तिथेही भांडवलच आहे.

ऐकणं हा अर्धा अभ्यासक्रम

संवादाच्या वर्गात बोलण्याला टाळ्या मिळतात, ऐकण्याला मिळत नाहीत. पण आशा, अंगणवाडी सेविका, कृषी सेवा केंद्रातला मुलगा किंवा बँकेच्या खिडकीवरचा कर्मचारी यांचं काम बिघडतं ते बहुधा ऐकण्यात. कृषी सेवा केंद्रात शेतकरी विचारतो, ‘औषध किती टाकू?’ दुकानातला मुलगा डब्यावरचं वाचून सांगतो, ‘लिटरला एक मिली.’ शेतकरी मान हलवून निघून जातो. त्याचा पंप पंधरा लिटरचा आहे आणि तो टोपणाने मोजतो. आता तोच संवाद दुसऱ्या पद्धतीने करा. ‘काका, पंप किती लिटरचा?’ ‘पंधराचा.’ ‘मग एका पंपाला पंधरा मिली. हे माप सोबत न्या. सांगा बरं, दोन पंपांना किती होईल?’ ‘तीस.’ दोन प्रश्न जास्त विचारले, पण औषधाचा डोस चुकण्याची शक्यता गेली.

यातली शेवटची पायरी, म्हणजे आपण सांगितलेलं समोरच्याकडून परत वदवून घेणं, डॉक्टर आणि परिचारिकांनाही शिकवली जाते. ती घरीच घोटवता येते. मित्र काही सांगत असताना मध्ये बोलू नका. त्याचं झालं की ‘म्हणजे तुझं म्हणणं असं की...’ म्हणून एका वाक्यात परत सांगा. तो ‘हो, तेच’ म्हणाला की मगच आपलं मत द्या. पहिले काही दिवस हे फार जड जातं. आपण किती कमी ऐकतो, ते तेव्हा कळतं.

भीती, आवाज आणि माईक

व्यासपीठावर छाती धडधडणं हा दोष नाही. शरीर तयारीत आल्याची ती खूण असते, मुरलेल्या वक्त्यांचीही धडधडते. उपाय सोपे आहेत. बोलायच्या आधी श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पक्की ठेवा, मधलं मुद्द्यांवरून बोला. मोठा कागद हातात धरला की थरथर सगळ्यांना दिसते, म्हणून पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर चार शब्द लिहून घ्या. मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द ही मराठीत सुखाची गती आहे. घाबरलो की ती वाढते, त्यामुळे मुद्दा संपला की मनात एक-दोन मोजून थांबा. ती शांतता तुम्हाला लांबलचक वाटते, श्रोत्यांना फक्त उसंत मिळते.

आवाज मोठा करायचा म्हणजे गळा ताणायचा नसतो. पोटावर हात ठेवून श्वास घ्या. हात पुढे आला पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. त्या श्वासावर बोललात तर आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो आणि घसा बसत नाही. उन्हाळ्यात पाणी पीत राहा आणि सारखं खाकरणं टाळा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला राहिला तर काढ्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

माईकवर फुंकर मारू नका आणि ‘हॅलो हॅलो’ करू नका. तोंडापासून चार-सहा बोटांवर तो स्थिर धरा. गावच्या कार्यक्रमात झाडाला बांधलेले कर्णे असतात आणि आवाज घुमतो. तिथे वाक्यं छोटी ठेवा, नाहीतर पहिल्या वाक्याची शेपटी दुसऱ्या वाक्याच्या तोंडात जाते.

कोर्स नसेल तर गट करा

आपल्याकडे व्याख्यानमालांची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती पद्धत पुढे महाराष्ट्रभर पसरली. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची भाषणं ऐकायला लाखोंची गर्दी होते. पण व्याख्यानमालेतून चांगले श्रोते घडतात. वक्ते घडवायला लहान गट लागतो. अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये टोस्टमास्टर्स नावाने असे गट सुरू केले आणि आज ते जगभर चालतात. त्यातली युक्ती उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

आठ-दहा जण जमा. जागा कोणतीही चालेल: वाचनालय, समाजमंदिर, कॉलेजचा रिकामा वर्ग. आठवड्यातून एकदा, एक तास. तिघांची तयारीची भाषणं, प्रत्येकी चार मिनिटं. नंतर चौघांना चिठ्ठी उचलून आयत्या वेळचा विषय, प्रत्येकी एक मिनिट. एकाने घड्याळ पाहायचं आणि वेळ संपताना लाल कार्ड दाखवायचं. एकाने फक्त ‘अं’, ‘मंग’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं ते मोजायचं. प्रत्येक भाषणाला एक जण अभिप्राय देईल. त्याने तीनच गोष्टी सांगायच्या: मला काय समजलं, माझं लक्ष कुठे सुटलं आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलावी. ‘छान बोललास’ एवढ्यावर सुटका नाही, आणि कपडे, बोली, गाव यांवर शेरे नाहीत. दर आठवड्याला कामं फिरती ठेवा.

भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. पहिल्यांदा आपलाच आवाज नकोसा वाटतो, तसा तो प्रत्येकालाच वाटतो. दर आठवड्याला एकच दोष धरून तो दुरुस्त करा. दोन महिन्यांनी पहिली आणि शेवटची फीत लागोपाठ ऐका. प्रमाणपत्र नसलं तरी फरक कानाला कळतो.

ज्यांचं बोलणं अडखळतं त्यांच्यासाठी

तोतरेपणा हा भित्रेपणा नव्हे, आणि स्टेज डेअरिंगच्या क्लासने तो जात नाही. त्यासाठी वाचा उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, लागतात. लहान मुलाचं बोलणं उशिरा येत असेल किंवा अडखळत असेल तर आधी श्रवणाची तपासणी करून घ्या. जिल्हा सामान्य रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाविषयी विचारा, त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा सल्ला येतो. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. घरच्यांनी आणि शिक्षकांनी एवढंच पाळावं: मुलाचं वाक्य आपण पूर्ण करू नये, ‘सावकाश बोल’ म्हणून टोकू नये, त्याच्याकडे पाहत शांतपणे थांबावं. अडखळत बोलणाऱ्या मुलालाही वर्गात बोलायची पाळी मिळालीच पाहिजे, फक्त त्याच्यासाठी घड्याळ थोडं सैल ठेवा.

आता शिकलेल्या बोलण्याची परीक्षा कुठे द्यायची, तेही सांगतो. कायद्याने गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. त्या बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात, आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तुमचं नाव मतदार यादीत असेल तर तिथे बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे. पुढच्या सभेला जा. शाळेच्या गळक्या वर्गखोलीचा, बंद पडलेल्या हातपंपाचा किंवा पांदण रस्त्याचा एकच विषय घ्या. अडचण काय, ती कधीपासून आहे आणि तुमची मागणी काय, हे एका मिनिटात उभं राहून सांगा. मग तुमची मागणी सभेच्या इतिवृत्तात नोंदवली का, ते विचारूनच खाली बसा.